एका माणसाला बसवता येईल अशी पंख्याची कडी

घोड्यावर, म्हणजे दुपायी शिडीवर, उभं राहून चार-पाच किलोचा छताचा पंखा एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने शॅकल (पंखा टांगायची कडी), रबरी रीळ आणि हूक यांची भोकं जुळवून बोल्ट सारायचा. आमच्या धंद्यातली खरी कसरत हीच. त्यात बोल्ट निसटू नये म्हणून त्याच्या टोकात घालायची स्प्लिट पिन हातातून निसटून नेमकी पलंगाखाली जाते.

म्हणून मी कडीचे दोन भाग केले. वरचा भाग म्हणजे रबरी रिळासह छताच्या हुकात आधीच अडकवायचा क्लॅम्प. तेव्हा दोन्ही हात मोकळे असतात. त्याच्या दोन्ही पट्ट्यांना खाली भोकाऐवजी 'जे' आकाराची खाच कापा, तोंड वर. पंख्याच्या पाईपमधला आडवा बोल्ट जमिनीवरच नट आणि स्प्लिट पिनसकट पक्का करा. वर चढून तो बोल्ट खाचेत टेकवला की वजन क्लॅम्पवर गेलं. मग खाचेच्या तोंडावर आडवी पिन घाला. ती साखळीने क्लॅम्पलाच बांधलेली ठेवा, म्हणजे हरवत नाही. खाच उथळ ठेवू नका. पंखा थरथरतो, बोल्ट वर चढू शकतो.

रबर मात्र वगळू नका. ते काढलं की घरघर थेट स्लॅबमध्ये जाते आणि वरच्या मजल्यावरचे भांडायला येतात.

वायरींसाठी स्क्रूऐवजी दाबून बसणारा कनेक्टर द्या, पण काम करताना मेन स्विच बंदच. नवा नमुना आधी 25 किलो वाळूचं पोतं लटकवून रात्रभर तपासा.