फेअरबँक्सचा हिवाळा कसा काढावा

अलास्कातल्या फेअरबँक्सला शिकायला किंवा नोकरीला येणारा मराठी माणूस निघण्याआधी जॅकेटबद्दल दहा प्रश्न विचारतो, अंधाराबद्दल एकही विचारत नाही. जॅकेट दुकानात मिळतं. थंडीचे बहुतेक प्रश्न पैसे मोजले की सुटतात. डिसेंबरात माणूस कोलमडतो तो अंधारानं, आणि त्यावर मिळणारे सल्ले ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून थंडीचं भराभर उरकते आणि उरलेली जागा अंधाराला देते.

हे शहर जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीचं सरासरी तापमान उणे २२ सेल्सियसच्या आसपास असतं आणि उणे ४० च्या लाटा येऊन जातात. (उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात, त्यामुळे त्या दिवशी तरी अमेरिकनांशी हिशेब जुळतो.) २१ डिसेंबरला सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आत मावळतो. दिवस ३ तास ४२ मिनिटांचा. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या दोन अंशही वर येत नाही. समोर एखादं झाड किंवा टेकडी असली तर तेवढाही दिसत नाही.

कपडे

सुती काहीही अंगाला लागू देऊ नका, बनियनसुद्धा. घाम सुती कापडात मुरतो आणि थांबलात की तोच गारठवतो. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, वरून पिसांचा लांब कोट. चालताना घाम यायला लागला तर चेन उघडा, लाजू नका. बूट अर्धा-एक नंबर मोठे घ्या, कारण दोन जाड मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन घ्या. हे सगळं भारतातून आणू नका. इथे येऊन घ्या, जुन्या सामानाच्या दुकानात उत्तम मिळतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: कानातले, चमकी, जोडवी हिवाळ्यात काढून ठेवा. धातू अंगातली ऊब झपाट्यानं बाहेर नेतो आणि कानाची पाळी मुळातच पातळ. कान किंवा नाकाचा शेंडा पांढुरका, मेणासारखा दिसायला लागला आणि तिथली जाणीव गेली, तर ते हिमदंशाचं लक्षण. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. आत जाऊन सोसवेल इतक्या कोमट पाण्यानं, ३७ ते ३९ अंशांच्या, हळूहळू ऊब द्या. फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही तर दवाखाना गाठा.

आणि ब्रँडीनं ऊब येते हे डोक्यातून काढून टाका. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा गरम वाटतो आणि शरीरातली उष्णता आणखी वेगानं निघून जाते. इथल्या विद्यापीठाच्या दारात तापमान दाखवणारा फलक आहे. उणे ४० ला त्याच्याशेजारी पोहायच्या कपड्यांत फोटो काढायची पोरांची जुनी रीत आहे. तो हौसेचा भाग झाला. गाडी चालू ठेवून, दोन मिनिटांत उरकायचा.

गाडी आणि घर

गाडीला ब्लॉक हीटर हवाच. इंजिन गरम ठेवणारं हे विजेचं उपकरण. त्याची वायर बॉनेटमधून बाहेर लोंबते आणि ती पार्किंगमधल्या सॉकेटला लावायची. थंडीत न कडकणारी जाड एक्स्टेन्शन कॉर्ड घ्या. साधी वायर वाकवताना तडकते. रात्रभर उभ्या गाडीचे टायर तळाशी चपटे होतात, म्हणून सुरुवातीला गाडी धडधडते. ती पंक्चर नाही, थोड्या वेळात टायर गोल होतात. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, मागे ब्लँकेट आणि जादा मिटन ठेवा. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. घरात कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा, अलार्म नसेल तर सामान लावण्याआधी तो लावा.

घर शोधताना भाड्याइतकीच उंची विचारा. वारा पडला की थंड, जड हवा खोऱ्यात साचते आणि वरची हवा उबदार राहते, त्यामुळे टेकडीवरच्या घरात खालच्या गावापेक्षा दहा अंशांनी कमी थंडी असू शकते. खाली गाड्यांच्या आणि धुराड्यांच्या वाफेचं जागच्या जागी गोठून बर्फाळ धुकं होतं, ते वेगळंच. घरातली हवा कोरडी ठक्क असते: ह्युमिडिफायर लावा, नाकाला आतून व्हॅसलीन.

अंधार

आता मुद्द्याचं. मला या सगळ्यात जड गेलं ते हेच. घरात उन्हाची उणीव भरून काढायला लख्ख उजेड देणारा महागडा दिवा होता, तरी त्याचा उपयोग व्हायला फार वेळ लागला, कारण दिवा कधी आणि कुठून लावायचा हे कुणी धड सांगितलं नव्हतं.

आधी नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. रोज सकाळी डोळ्यांवर पडणारा लख्ख उजेड ते मागे ओढून जागेवर आणतो. नाशिकला हे काम सूर्य तुम्हाला न विचारता करून टाकतो. इथे डिसेंबरात सकाळी आठला बाहेर मध्यरात्रच असते, घड्याळ जागेवर आणणारं कुणी नसतं, आणि ते रोज थोडं थोडं पुढे सरकत जातं. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही रात्री दोनपर्यंत टक्क जागे आणि सकाळी दहाला पडलेले. त्यात दुपारचा उजेडही झोपेत किंवा जिन्याखालच्या प्रयोगशाळेत गेला, की मरगळ, सतत गोड खावंसं वाटणं, कुणाशी बोलू नयेसं वाटणं, हे ओळीनं येतं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं आणि प्रकाशाचा उपचारही तपासला, तेव्हा ही मनाची नाटकं नाहीत.

पहिला नियम: झोपायची नव्हे, उठायची वेळ पक्की करा. ‘रात्री दहाला झोपत जा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण झोप हुकमानं येत नाही; उठणं मात्र येतं. रोज एकच वेळ, रविवार धरून. रविवारी दहापर्यंत लोळलात की सोमवार, मंगळवार दोन्ही गेलेच म्हणून समजा.

उठण्यासाठी मी घरच्या फोनचा उपयोग करते. हिवाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेचौदा तास पुढे असतो. म्हणजे इथे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आईकडे रात्रीचे नऊ, जेवणं आटोपलेली, फोनची तीच वाट पाहत असते. गजर बंद करून झोपता येतं, आईला नाही करता येत. उलट इथल्या रात्री अकराला ‘आत्ता तिकडे दुपार आहे, निवांत बोलू’ म्हणून जे फोन लागतात, ते एक वाजवतात. ते बंद करा. घरच्यांना एकदा नीट सांगा, समजून घेतात.

दुसरा नियम दिव्याचा. तो १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घ्या, अतिनील किरण अडवणारा. पण खोक्यावरच्या आकड्यावर भाळू नका. तो आकडा किती अंतरावरचा आहे हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्वस्तातले छोटे दिवे एक वीत अंतरावर १०,००० भरतात, आणि एक वीत अंतरावर तोंड धरून कुणी अर्धा तास बसत नाही. जरा मागे सरकलात की उजेड झपाट्यानं घटतो. मोठ्या तबकडीचा, हातभर अंतरावर तेवढा उजेड देणारा दिवाच घ्या. माझ्या दिव्याच्या पायाला त्या अंतराइतकी सुतळी बांधलेली आहे. बसले की टोक ओढायचं, नाकाला टेकलं पाहिजे. टेकलं नाही तर खुर्ची पुढे. तुलनेसाठी सांगते: ऑफिसातला नेहमीचा उजेड ३०० ते ५०० लक्सचा असतो, तेव्हा ‘मी घरातले सगळे दिवे लावून ठेवतो’ यानं काही होत नाही.

दिवा डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर आणि किंचित बाजूला ठेवा. त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही, पण डोळे उघडे हवेत आणि तोंड त्याच्याकडे. माझा चार जाड पुस्तकांवर ठेवलेला असतो, समोर पोह्यांची बशी आणि फोनवर आई. उठल्यापासून पहिल्या तासाच्या आत, सुमारे अर्धा तास. पाठीमागे दिवा ठेवून लॅपटॉपवर काम केलं तर तो नुसता विजेचा खर्च.

आणि इथे सर्वांत वाईट सल्ला येतो: ‘कामावरून आलं की मरगळ येते, तेव्हा दिव्यासमोर बस.’ नका बसू. संध्याकाळचा तोच उजेड घड्याळ मागे ओढायच्या ऐवजी आणखी पुढे ढकलतो. तासभर तरतरी येते खरी, पण त्या रात्री झोप लांबते, सकाळी उठवत नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी मरगळ दुप्पट, मग पुन्हा दिवा. दिवा घेऊनही ‘मला काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांना मी आधी वेळच विचारते. रात्री आठनंतर घरात पिवळे, मंद दिवे ठेवा, छतावरची पांढरी ट्यूब बंद.

तिसरं म्हणजे दुपारी बारा ते दोनच्या मध्ये बाहेर पडा, थंडी कितीही असो. उणे ३५ ला नीट कपड्यांत वीस मिनिटं चालता येतं. डबा जागेवर खायचा असेल तर आधी चालून या. सूर्य दिसला नाही तरी बर्फावरून परतणारा उजेड खोलीतल्या ट्यूबपेक्षा किती तरी जास्त असतो.

आता सावधगिरी. बायपोलर आजार असेल, डोळ्यांचा विकार असेल किंवा उजेडाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नका. मेलाटोनिनच्या, म्हणजे झोपेची वेळ ठरवणाऱ्या संप्रेरकाच्या, गोळ्या इथे किराणा दुकानातही मिळतात. कुणी दिल्या म्हणून घेऊ नका, त्यांचीही वेळ चुकली तर उलटंच होतं. व्हिटॅमिन डी वेगळं. एवढ्या तिरप्या उन्हातून ते हिवाळाभर तयारच होत नाही, तेव्हा रक्त तपासून गोळी घ्या, पण गोळी घेतली म्हणून दिवा सोडू नका. आणि जगावंसं वाटत नाही इथपर्यंत मन गेलं, तर दिवा-बिवा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा.

दिवा ऑक्टोबरपासूनच सुरू करा; डिसेंबरात कोसळल्यावर सुरू केलात तर घड्याळ जागेवर आणायलाच नाताळ उलटतो. फेब्रुवारीत दिवस रोज सहा-सात मिनिटांनी वाढतो आणि लोक हुरळून दिवा बंद करतात. मार्चच्या मध्यापर्यंत चालू ठेवा.

त्यानंतर तो कपाटात टाका आणि लगेच खिडक्यांची मापं घ्या, कारण जूनमध्ये २४ पैकी जवळजवळ २२ तास ऊन असतं आणि रात्र काळी होतच नाही. जाड काळे पडदे चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद घ्या, कडेनं येणारी फटच झोप मोडते. भाड्याच्या घरात खिळे ठोकू देत नसतील तर काचेला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा. बाहेरून भयंकर दिसतं, पण निम्मी गल्ली तेच करते.