नवी सिनेमा सेवा घेण्याआधी टीव्हीला विचारा

वर्षाचे पैसे एकदम भरायची घाई करू नका. मी केली होती. ऑफर संपायला दोन तास उरले होते, मोह आवरला नाही. आणि पैसे भरल्यावर कळलं की आमच्या आठ वर्षं जुन्या टीव्हीवर ते अ‍ॅपच उतरत नाही. मग वर्षभर सगळं घर एका फोनभोवती डोकी जुळवून सिनेमे बघत बसलं.

आता मी आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कागदावर उतरवून घेते. ‘स्मार्ट टीव्हीवर चालतं’ या जाहिरातीवर विसंबू नका. टीव्हीच्याच अ‍ॅप स्टोअरमध्ये नाव शोधा, सापडलं तरच खरं.

अ‍ॅप चाललं तरी चित्र स्वच्छ दिसेलच असं नाही. अँड्रॉइड फोनमध्ये किंवा टीव्हीला जोडायच्या बॉक्समध्ये सिनेमाची चोरून कॉपी होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. ते एल 1 दर्जाचं असेल तर एचडीची वाट मोकळी. एल 3 असेल तर बऱ्याच सेवा 480पीवरच, म्हणजे एचडीहून कमी स्पष्ट चित्रावरच अडवतात, मग प्लॅन कितीही महाग घ्या. डीआरएम इन्फो नावाचं अ‍ॅप हा दर्जा मिनिटभरात दाखवतं. बॉक्स लावून 4के बघायचं तर टीव्हीचं एचडीएमआय पोर्टही सहसा एचडीसीपी 2.2 चं लागतं; तेही कॉपी रोखणारं एक कुलूपच.

खर्चाचं काय, महिन्याची रक्कम भागिले खरोखर बघून होणारे सिनेमे. मी गेल्या महिन्यात तीन पाहिले, त्यातला एक झोपेत. सुरुवात एकाच महिन्याने करा आणि ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद करून टाका.