ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमधली हिरवट छटा कशी घालवली (माझा अनुभव)

सांगलीच्या आयर्विन पुलाचा फोटो घरच्या इंकजेटवर काढला की करडा भाग ट्यूबलाइटखाली हिरवट आणि अंगणात उन्हात नेला की जांभळट दिसायचा. कारण असं की प्रिंटर करडा रंग नुसत्या काळ्या शाईने करत नाही, निळी, गुलाबी, पिवळी मिसळून करतो, एक जरी जरा जास्त पडली की छटा येतेच आणि उजेड बदलला की ती पण बदलते. आधी नोझल चेक (शाईची सगळी बारीक छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी चाचणी प्रिंट) काढा, रेघ तुटत असेल तर हेड क्लीनिंग, म्हणजे ती छिद्रं साफ करणं. मग कलर मॅनेजमेंट (रंगांची दुरुस्ती) एकाच ठिकाणी ठेवलं, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंट देतानाच्या सेटिंगमध्ये, बंद, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. तरी थोडी छटा राहिलीच.

खरा फरक पडला तो मॅट कागदाने. सेटिंगमध्ये ग्रेस्केल (फक्त काळा-करडा) आणि मॅट पेपर (बिनचमकीचा कागद) निवडलं की माझा प्रिंटर जवळपास सगळं काळ्या पिगमेंट शाईनेच (बारीक रंगकणांची शाई) काढतो, चकचकीत ग्लॉसी कागदावर ती शाई नीट बसत नाही म्हणून तिथं रंगीत शाई येतेच. नुसत्या काळ्या ठिपक्यांमुळे फिकट आभाळात बारीक दाणे दिसतात, मला तर ते फार आवडतात. प्रिंट रात्रभर वाळू द्या आणि सकाळी खिडकीपाशी बघा, ओल्या प्रिंटवरून सेटिंग बदलू नका.