कॅमेऱ्यासमोर पात्र हातातून सुटतंय? या चुका टाळा

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नट वाईच्या घाटावर शूटिंगला उभा राहतो आणि क्लोजमध्ये, म्हणजे चेहरा फ्रेमभर दिसणाऱ्या शॉटमध्ये, कोरा दिसतो. पाठांतर चोख असतं, आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. पात्र सुटतं ते दोन वाक्यांच्या मधे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समोरचा बोलत असताना आपल्या क्यूची (आपलं वाक्य सुरू करायच्या इशाऱ्याची) वाट बघत राहणं. रंगमंचावर ते खपून जातं, कारण तेव्हा प्रेक्षक बोलणाऱ्याकडे बघत असतात. क्लोजमध्ये फ्रेमभर तुम्हीच असता. समजा, धाकटा म्हणतो, “दादा, रानाची वाटणी करून टाकू, रोजची कटकट नको.” तुमचं वाक्य आहे, “आईला विचारलंस?” वाट बघणारा नट ‘नको’ ऐकून श्वास घेतो. खरं ऐकणाऱ्याचा श्वास ‘वाटणी’लाच अडकलेला असतो, पुढचं कटकटीचं त्याच्या कानावरही धड पडत नाही. म्हणून संहितेत आपल्या वाक्यांवर रंग फासण्यापेक्षा समोरच्याच्या वाक्यातला नेमका बोचणारा शब्द अधोरेखित करा. सहकलाकार निघून गेला आणि सहायकाने सपाट आवाजात क्यू दिला, तरी हा शब्द हाताशी राहतो. नजर समोरच्याच्या एकाच, लेन्सच्या बाजूच्या डोळ्यावर ठेवा. दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघितलं की पडद्यावर बुबुळं भिरभिरतात.

पाठांतर बसून, सुरात करू नका. सूर पाठ होतो आणि मग टेकला बदलता येत नाही. लसूण सोलताना किंवा भांडी घासताना वाक्यं सपाट म्हणा. हात न थांबता ती आली, की पाठ झाली.

मार्क, म्हणजे थांबायच्या जागेची जमिनीवरची खूण, शोधायला खाली बघितलं की संपलंच. मार्कवर उभं राहून उलटं चालत सुरुवातीच्या जागेपर्यंत या, पावलं मोजा. टेकच्या आधी दोनदा चालून घ्या, म्हणजे आकडा डोक्यातून पायात उतरतो. कप कोणत्या शब्दाला उचलला हे मास्टरलाच (अख्खा सीन लांबून घेणाऱ्या शॉटला) ठरवून ठेवा, नाहीतर क्लोजमध्ये निम्मं डोकं कंटिन्युइटीतच, म्हणजे आधीच्या शॉटशी हालचाली जुळवण्यातच जातं.

मास्टरमध्येच सगळं रडून टाकणं हीही नाटकवाल्यांची सवय, मग क्लोजला काही उरत नाही. क्लोज कधी लागणार, हे आधी विचारून घ्या.

दोन शॉटमध्ये तासभर जातो. तो वेळ पात्रात राहायचा हट्ट नको, दमून जाल. गप्पा मारा, चहा प्या. फक्त मोबाइल लांब ठेवा. बोलावणं आलं की तीनच गोष्टी आठवा: मी कुठून आलो, आत्ता याच्याकडून काय हवंय, अंग कसं आहे (दमलेलं, भिजलेलं, उपाशी). सीन उलटसुलट क्रमाने होतात, म्हणून हे संहितेच्या समासात आदल्या रात्रीच लिहिलेलं बरं.

‘ॲक्शन’ ऐकताच तोंड उघडू नका, एक श्वास जाऊ द्या. आणि शेवटच्या वाक्यानंतर दिग्दर्शकाकडे बघू नका. ‘कट’पर्यंतचे ते दोन-तीन सेकंद संकलकाला हवे असतात.