पत्रकारितेला ॲडमिशन घेताय? थांबा, आधी कोर्स किती वर्षांचा ते सांगा

निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. दादा, जर्नलिझम करायचंय, पुण्यात कुठलं कॉलेज भारी? बहुतेक पोरंपोरी वस्तीवरची, तांड्यावरची, घरात पहिल्यांदाच कोणीतरी ग्रॅज्युएट झालेलं. आणि मी कॉलेजचं नाव सांगायच्या आधी विचारतो, कोर्स एक वर्षाचा की दोन वर्षांचा? समोरचा गप्प. मग मी विचारतो, आधी एमए वगैरे काही केलंयस का? परत गप्प. या दोन प्रश्नांवर तुमची स्कॉलरशिप अडकते, आणि हे ॲडमिशनच्या आधी कोणी सांगत नाही, नंतर मात्र सगळेच सांगतात.

तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, आपल्याकडे महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर, भरतात ती. एससी आणि नवबौद्ध असाल, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर फी आणि थोडा निर्वाह भत्ता मिळतो, उत्पन्न त्यावर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फी माफ पण हातात काही नाही. एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या योजना त्याच पोर्टलवर पण सरकारी खातं वेगळं, अटी वेगळ्या, त्यामुळे मित्राचं बघून फॉर्म भरू नका. आता गोम अशी की एकाच लेव्हलचं शिक्षण दोनदा घेतलं तर दुसऱ्यांदा ही स्कॉलरशिप नाही. एमए मराठी झालंय आणि आता एमए जर्नलिझम करायचंय, तर अर्ज बाद. बीए नंतर थेट एमए जर्नलिझम, हे चालतं. म्हणून "आधी एमए करून घेतो, मग पत्रकारितेचं बघू" असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी आजच थांबावं.

दुसरी गोम राहण्या-खाण्याच्या पैशाची. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर एससी विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६० हजार, त्यात ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार बाकीचे. एसटीसाठी स्वयंम आहे, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. पण स्वाधारच्या जीआरमध्ये, म्हणजे सरकारी आदेशात, अट आहे की कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी नको. आणि पत्रकारितेत तर एक वर्षाचे डिप्लोमे, एक वर्षाची बीजे (बॅचलर ऑफ जर्नलिझम) यांचाच बाजार! फी कमी दिसते म्हणून पोरगं एक वर्षाचा डिप्लोमा घेतं आणि ६० हजाराला मुकतं. त्या पैशात मेस आणि कॉटबेसिस निघालं असतं. शिवाय कॉलेज ज्या शहरात आहे तिथलेच रहिवासी असाल तर स्वाधार मिळत नाही, आणि शेवटच्या परीक्षेत मार्कही लागतात. माहितीपत्रक बघून नाही, चालू वर्षाचा जीआर डाउनलोड करून वाचा, मराठीतच असतो, फक्त मराठी जरा सरकारी असतं.

कागदपत्रांचं सांगतो कारण सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात नवीन दाखल्याला टाका, ॲडमिशनची वाट बघू नका. जातीचा दाखला, डोमिसाईल, टीसी, मार्कमेमो, रेशनकार्ड, मध्ये वर्ष रिकामं गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. जात पडताळणी झाली नसेल तर कॉलेज मागो न मागो, आताच टाकून ठेवा, ती फाईल कधी हलेल सांगता येत नाही. बँकेचं खातं आधारला नुसतं लिंक असून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग लागतं, म्हणजे आधारवरचे पैसे याच खात्यात यायचे अशी बँकेकडून नोंद, आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं तिथे तुम्ही वापरता त्याच खात्याच्या बँकेचं नाव येतंय का बघा. माझ्या वेळेस माझा अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला तीन महिने पडून होता, मला वाटायचं सरकारने अडवलंय. विचारायला गेलो तेव्हा कळलं की बोनाफाईड धूसर आलंय म्हणून परत पाठवलाय आणि तो मेसेज ज्या नंबरवर गेला तो सिम कधीच बंद झालेलं. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करा, अर्ज कुठल्या टेबलवर आहे ते तिथे दिसतं.

एससीच्या स्कॉलरशिपमध्ये केंद्राचा ६० टक्के वाटा थेट तुमच्या खात्यावर येतो, त्यात कॉलेजची फीपण असते. ते पैसे आले की लोक मोबाईल घेतात. ते पैसे कॉलेजचे आहेत, लगेच भरून पावती घ्या, नाहीतर शेवटी मार्कशीट अडकते.

आता कॉलेज. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट म्हणजे विद्यापीठाचाच विभाग, त्यामुळे फी खाजगीच्या मानाने खूप कमी. अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचं, केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे आणि केंद्राची संस्था असल्याने आरक्षण आहे, विदर्भातल्या पोरांनी दिल्लीचंच स्वप्न बघायची गरज नाही. इंग्रजीत काम करायचं असेल तर चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम, फी जबरी पण एससी-एसटी विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या स्कॉलरशिप आहेत, प्रवेश परीक्षा आणि इंटरव्ह्यू देऊन. पोरं फी बघूनच टॅब बंद करतात. बंद करू नका, फॉर्म भरा आणि स्कॉलरशिपचं काय ते स्पष्ट ईमेल करून विचारा. अर्थात अमरावती असो की चेन्नई, डिप्लोमा वर्षभराच्या आतबाहेरचा, त्यामुळे वरचं स्वाधारचं गणित मांडूनच.

पैशाचं झालं. माणसाचं त्याहून अवघड आहे.

२०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीचा एक अहवाल आला, त्यांनी न्यूजरूममधल्या वरच्या १२१ जागा तपासल्या, त्यातल्या १०६ जागांवर सवर्ण, आणि एससी-एसटी एकही नाही. हा आकडा मी रडायला सांगत नाही, याचा रोजचा अर्थ सांगतो. तुमच्या बरोबरच्या एखाद्या मुलाचा काका संपादक असतो, त्याला कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, कशी लिहायची हे जेवताना कळतं. तुम्हाला ते कोणीतरी मुद्दाम सांगावं लागतं. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजारांच्या मदतीतून ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला, संपादक पांडुरंग भटकर, पण पहिल्या अंकापासून पाठीशी बाबासाहेब होते. पैसा आणि पाठीशी माणूस, हे तेव्हापासून जोडीनेच लागतं.

हा पाठीशी उभा राहून शिकवणारा माणूस, म्हणजे मेंटॉर, मिळवायचा कसा? "सर मला गाईड करा" असा मेसेज पाठवू नका. मला आठवड्याला असे चार येतात, उत्तर काय देणार, कशाचं गाईड? त्याऐवजी ज्याचं काम तुम्ही खरंच वाचलंय अशा एकाच पत्रकाराला लिहा, त्याची कुठली बातमी वाचली, आणि तुमची स्वतःची ३०० शब्दांची बातमी जोडा. साधारण असं:

"नमस्कार मॅडम, ऊसतोड कामगारांच्या मुलांवरची तुमची बातमी वाचली. आमच्या तांड्यावरची निम्मी शाळा दिवाळीनंतर रिकामी होते, मी हजेरीपट बघून आणि सहा पालकांशी बोलून हे लिहिलंय. सुरुवात जमली नाहीये असं मला वाटतं. दहा मिनिटं काढून फक्त पहिला परिच्छेद बघाल का?"

याला उत्तर येतं. दहापैकी तिघांकडून येईल, पण येतं, कारण तुम्ही ठरावीक काम मागितलंय आणि तुमच्याकडे जे आहे ते त्या मॅडमकडे नाही. तो तांडा, ती भाषा, आत जायची वाट. आपली पोरं नेमकं हेच लपवतात आणि पहिला लेख अमेरिकेच्या निवडणुकीवर लिहितात, का ते मला अजून कळलेलं नाही.

पी. साईनाथ यांनी २०१४ ला सुरू केलेलं परी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, हे बघाच. मराठीतही वाचायला मिळतं, विद्यार्थ्यांसोबत काम करतात, इंटर्नशिप घेतात. तिथे गावाकडचं असणं हीच क्वालिफिकेशन. इंग्रजी बरं असेल तर भाषांतरातून शिरकाव होतो का तेही विचारा, दुसऱ्याची चांगली स्टोरी शब्दाशब्दाने मराठीत आणताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं माझ्या वर्गात नव्हतं मिळालं.

आणि कोण मेंटॉर नाही तेही सांगतो. पाच हजार घेऊन प्रेस कार्ड देणारा नाही. तालुका प्रतिनिधी करतो म्हणून दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करायला लावणारा नाही. तुमची बातमी स्वतःच्या नावाने लावणारा तर नाहीच. मुलींनो, शिकवायला रात्री अकराला फोन करणारे किंवा ऑफिस सोडून बाहेरच भेटू म्हणणारे, तिथे थांबू नका, ऑफिसात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, तिचं नाव विचारलं तरी बरेच जण सरळ होतात.

एकदा कोणी कॉपी तपासून दिली की त्या माणसाला सोडू नका, पण रोज गुड मॉर्निंगही पाठवू नका. दुरुस्त केलेली कॉपी आठ दिवसांत परत पाठवा, खाली एका ओळीत लिहा की काय बदललं. छापून आली तर लिंक पाठवा. दोन-तीन महिन्यांनी पुढची बातमी. माझ्या पहिल्या सरांनी मला कधीच "शिकवतो" म्हटलं नाही, ते फक्त लाल पेनाने माझी पहिली ओळ खोडायचे आणि चौथ्या ओळीला बाण काढून वर न्यायचे.