प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या पुढच्या काचेचं रबर घरीच बदलताना

नागपूरच्या उन्हात रबर कडक होऊन कोपऱ्यात तडकतं आणि मृगाच्या सरीत पाणी डॅशबोर्डखालून पायाशी उतरतं. वरून सिलिकॉन फासू नका. आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं आणि पत्रा खातं.

वायपरचे हात काढा, जुनं रबर कटरने सोला, काच दोघांनी मिळून उतरवा. आता चौकटीची कड नीट बघा, विशेषतः खालचे दोन कोपरे. खरी गळती बहुतेक वेळा इथल्या गंजाची असते. तो ठेवून नवं रबर बसवणं म्हणजे पैसे वाया. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, प्रायमर आणि रंग द्या, 24 तास वाळू द्या.

नवं रबर तासभर उन्हात ठेवलं की मऊ पडतं. मे महिन्यात गच्चीवर पंधरा मिनिटं पुरतात. ते काचेवर चढवा. जोड वरच्या मध्यावर घ्या आणि सेंटिमीटरभर लांबी जास्त ठेवा, नाहीतर रबर आकसून फट पडते. रबराच्या ज्या खाचेत चौकटीची कड बसते तिच्यात 4 मिमीची नायलॉन दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून न्या. साबणाचं पाणी लावा. तेल-ग्रीस नको, रबर फुगतं. काच चौकटीला टेकवून दोरीची टोकं गाडीच्या आत घ्या. बाहेरून एकाने तळव्याने दाबायचं, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची ओठी, म्हणजे आतली कड, पत्र्यावर उलटते. कोपऱ्यात अडली तर हिसका नको, काच तिथेच तडकते.

नळीचं पाणी खालून वर नेत तपासा, म्हणजे नेमकी जागा सापडते.