कोकणातून सोलापुरात येताय? मग जूनमध्ये पावसाची वाट पाहू नका

बदली, लग्न नाहीतर कॉलेज, कोकणातून सोलापूरला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे बारा महिने उन्हाळाच ना?" २००७ साली चिपळूणहून लग्न होऊन आले तेव्हा माझीही तीच समजूत होती. आपण कोकणातली माणसं ऋतू पावसावरून ओळखतो. इथे ते ज्वारीवरून ओळखायचे. मला हे उमगायला तीन वर्षं गेली, तुमची जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

आधी उन्हाळा, कारण चूक झाली तर इथेच अंगाशी येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्रेचाळीसच्या वरही जातो. आपल्याकडे घामाने निथळलो की कळतं, आता पाणी प्यायला हवं. इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर ठरतच नाही. पहिल्या एप्रिलमध्ये भर दुपारी बसची वाट पाहताना मला वाटलं, अंग कोरडं आहे म्हणजे ऊन फारसं लागत नाहीये. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या अक्कांनी ताकात मीठ घालून पाजलं आणि बजावलं, "तहान लागायच्या आधी प्यायचं." तेव्हापासून डोक्याला पदर किंवा रुमाल बांधल्याशिवाय आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही.

कूलर जरूर घ्या. चिपळूणला दमट हवेत तो फक्त चिकचिक वाढवतो, इथे खरंच गारवा देतो. मात्र समोरची खिडकी उघडी ठेवा. त्याला पाणी भरपूर लागतं आणि नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. घर भाड्याने घेताना खोल्या मोजण्याआधी टाकी केवढी आहे ते विचारा, आणि गल्लीत पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता सुटतं तेही. शहराला मोठा आधार उजनी धरणाचा. त्यामुळे मे महिन्यात इथे दोन माणसं भेटली की धरणात किती टक्के पाणी उरलं हीच बोलणी.

मृग लागला की मन गावाकडे धावतं. आईचा फोन येतो, पागोळ्यांचा आवाज ऐकू येतो आणि आपल्या डोक्यावर नुसते ढग पळत असतात. सह्याद्री बहुतेक पाऊस पलीकडेच अडवतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, इथे सहाशे-सातशेच्या आसपास. जून, जुलै, ऑगस्ट जीव टांगणीला लावतात. खरा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा. दिवसभर उकडतं, संध्याकाळी आभाळ काळंभोर होतं, विजा कडाडतात आणि तासाभरात रस्त्याचा ओढा होतो. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! त्या पावसाला नावं ठेवू नका. वर्षभराची भाकरी त्याच्यावर आहे.

उन्हाने भेगाळलेली काळी जमीन हे पाणी पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरतात आणि पुढे थंडीत पाऊस नसतानाही ती उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं एवढं नाव आहे ते याच जमिनीमुळे. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही हे मला ठाऊक आहे, तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीला महिनाभर द्या.

कोरड्या हवेची सुखंही आहेत. मीठ पाझरत नाही, चपलांना बुरशी येत नाही, पापड-कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात. थंडीत मात्र टाचा आणि ओठ फुटतात, तेव्हा रात्री खोबरेल चोळून झोपा.

संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक पहिल्याच वर्षी पाहा. त्याच दिवसांत कोणी हुरड्याला बोलावलं तर रजा टाकून जा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजतात, गरम गरमच तळहातावर चोळतात आणि हिरवट, गोडसर दाणे थेट तुमच्या हातावर ठेवतात. पहाटे निघणार असाल तर सोलापुरी चादर सोबत घ्या, रानात वारा चांगलाच झोंबतो.